ग्रँट प्रपोजलचे रिव्ह्यू आणि स्कोअर ऑनलाइन भरायचेत, पहिलीच वेळ आहे, कुणी सांगेल का?

जुळेसोलापूर_मायक्रो

नमस्कार मंडळी. मी सोलापुरातच एका कॉलेजात मायक्रोबायोलॉजी शिकवते. आजवर ग्रँटसाठी अर्ज करणाऱ्यांच्या रांगेत असायचे, आता पहिल्यांदाच उलट्या बाजूला बसायची वेळ आलीय. एका फंडिंग एजन्सीकडून (नाव घेत नाही) मेल आला, तुमचं नाव रिव्ह्यूअर म्हणून घेतलंय, पोर्टलवर लॉगिन करा आणि महिनाअखेरपर्यंत रिव्ह्यू आणि स्कोअर भरा. सोबत कसली ट्रेनिंग नाही की धड सूचना नाहीत, एक दोन पानी पीडीएफ आहे त्यात अर्धं पान पासवर्ड कसा बदलायचा यावरच गेलंय.

लॉगिन केल्यावर आधी एक डिक्लरेशन येतं, ते टिक केल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. मग प्रत्येक प्रपोजलपुढे व्ह्यू, इव्हॅल्युएट आणि डिक्लाइन अशी तीन बटणं. इव्हॅल्युएट उघडलं की नावीन्य, कामाची पद्धत, पीआयचा (मुख्य संशोधकाचा) अनुभव, बजेट, उपयोग असे पाच मुद्दे, प्रत्येकाला १ ते १०, आणि खाली कॉमेंटच्या दोन चौकटी, एक 'अर्जदारासाठी' आणि दुसरी 'फक्त कमिटीसाठी'. शेवटी सेव्ह आणि फायनल सबमिट. सेव्ह केलेलं मला नंतर बदलता येतं का, आणि फायनल सबमिट केल्यावर चूक दिसली तर काय, हे कुठेच लिहिलेलं नाही.

दुसरं म्हणजे स्कोअर द्यायचा कसा? पेपर तपासायची सवय आहे, तिथे मॉडेल आन्सर असतं, इथे एकाचा विषय आहे [ॲडमिनने मजकूर काढला], दुसऱ्याचा अगदीच वेगळा, मग एकाला ७ आणि दुसऱ्याला ६ कशाच्या जोरावर म्हणायचं? डिपार्टमेंटमधले एक सर म्हणाले, सगळ्यांना सात-आठ देऊन मोकळ्या व्हा, कोण वाचतंय. दुसरे म्हणाले, चॅटजीपीटीला पीडीएफ द्या, दोन मिनिटांत रिव्ह्यू तयार. दोन्ही मला पटत नाहीये, पण पटत नाही म्हणून करायचं काय ते पण समजत नाहीये.

आणि एक अडचण. यादीतल्या एका अर्जदाराने आणि मी एकाच गाईडकडे पीएचडी केलीय. भांडण नाही, दोस्तीही नाही, पण एक पेपर एकत्र आहे. हे चालतं का?

---

ॲडमिन

मॅडम, पोस्टमध्ये एका प्रपोजलचा विषय आणि जिल्हा आला होता, तेवढा भाग काढलाय. सोलापूरचा ग्रुप आहे, त्या विषयावर इथे दोन-तीनच जण काम करतात, लगेच ओळखू येईल. बाकी प्रश्न छान आहे, चालू द्या.

---

पोर्टलवाला_अण्णा

मी असली पोर्टलं बनवणाऱ्या कंपनीत आहे (पुण्यात, पण घर अक्कलकोट रोडला), तर तांत्रिक भाग मी सांगतो, शहाणपणाचा भाग इथली प्राध्यापक मंडळी सांगतील.

मॅडम, पहिलं म्हणजे पोर्टलच्या चौकटीत डायरेक्ट टाईप करायचं नाही म्हणजे नाही. तुम्ही चौकटीत तासभर टाईप करत बसलात तरी सर्व्हरला त्यातलं काही कळत नसतं, त्याच्या हिशोबाने तुम्ही शेवटचं पान उघडलं तेव्हापासून गप्प बसलाय. मग वीस मिनिटं की तीस मिनिटं, जो काय टाइम-आउट ठेवला असेल तो संपला की तो तुम्हाला गुपचूप लॉगआउट करतो, आणि तुम्ही सेव्ह दाबल्यावर समोर येतं लॉगिनचं पान. लिहिलेलं सगळं गेलं. सोलापुरात उन्हाळ्यात लाईटचं काय असतं ते तुम्हाला मी सांगायला नको. वर्डमध्ये लिहा, तुमच्याकडे सेव्ह ठेवा, मग चिकटवा.

आता चिकटवताना दुसरा लोचा. वर्ड आपल्या मनाने सरळ अवतरणचिन्हांची वाकडी करतो, दोन डॅशचा एक लांब डॅश करतो. जुन्या पोर्टलवर ही चिन्हं चिकटवली की त्यांच्या जागी प्रश्नचिन्हं उमटतात. तुम्ही मायक्रोबायोलॉजीच्या, म्हणजे मायक्रोग्रॅमचं ते ग्रीक अक्षर येणार, डिग्री सेल्सियस येणार. एका पोर्टलवर मी डोळ्याने बघितलंय, डिग्रीचं चिन्ह उडालं आणि '३७ ? सेल्सियस' असं छापून अर्जदाराकडे गेलं, त्याला वाटलं रिव्ह्यूअर टेंपरेचरवर शंका घेतोय. म्हणून वर्डमधून आधी नोटपॅडमध्ये टाका, तिथे वर्डचं फॉरमॅटिंग जातं, पण वाकडी चिन्हं तशीच राहतात, ती हाताने सरळ करा, मग पोर्टलवर, आणि चिन्हाऐवजी सरळ शब्दात लिहा. 'पेक्षा कमी'चं कोनवालं चिन्ह तर अजिबात वापरू नका, काही पोर्टलं त्याला एचटीएमएल (वेबपानाचा कोड) समजून पुढची अख्खी ओळ गिळतात.

मराठीत कॉमेंट लिहिणार असाल तर कॅरेक्टर लिमिट जपा. 'क्ष' आपल्याला एक अक्षर वाटतं, कॉम्प्युटर ती तीन मोजतो, क, हलंत आणि ष. काना-मात्रा-वेलांटी सगळं वेगळं मोजलं जातं. आणि डेटाबेस बाइटमध्ये मोजणारा असला तर देवनागरीच्या प्रत्येकाला तीन बाइट, म्हणजे ३००० ची मर्यादा हजारावर आली की ओ. आणि श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधलं तर पूर्ण कचरा दिसतं, युनिकोडच हवं.

फायनल सबमिट म्हणजे बहुतेक ठिकाणी कुलूप. ते उघडायचा अधिकार फक्त प्रोग्रॅम ऑफिसरकडे किंवा त्यांच्या ॲडमिनकडे असतो, मेल केली तर करून देतात, पण मुदत संपायच्या आधी. म्हणून आधी सगळ्यांचे ड्राफ्ट सेव्ह करा, लॉगआउट करून परत लॉगिन करा, सेव्ह झालंय का ते बघा, मग सगळे एकदम सबमिट.

---

निवृत्त_प्राचार्य_बाळीवेस

अण्णांनी उत्तम सांगितले. मी दुसऱ्या बाजूचे सांगतो. गुरुबंधूचा (की भगिनीचा) अर्ज तुमच्याकडे आलाय, तर तो उघडूच नका. आधी एजन्सीच्या ऑफिसरला दोन ओळींची मेल टाका, 'अमुक क्रमांकाच्या अर्जदाराबरोबर माझा संयुक्त पेपर अमुक वर्षीचा आहे, एकच मार्गदर्शक होते, मी हा अर्ज तपासावा का ते कळवावे.' नाव नको, फक्त क्रमांक. ते 'चालेल' म्हणाले तर ती मेल जपून ठेवा, 'नको' म्हणाले तर डिक्लाइन दाबा. आपण मनाने कितीही निःपक्षपाती असू, उद्या निकालावर कुणी बोट ठेवले तर आपल्या मनात काय होते हे कुणी विचारत नाही, कागद विचारतात.

किती जुने संबंध धरायचे याचे नियम जागोजागी वेगळे आहेत. अमेरिकेत एनएसएफ (विज्ञान संशोधनाला पैसे देणारी तिथली सरकारी संस्था) सहलेखकासाठी मागचे ४८ महिने बघते. आपल्याकडच्या संस्थांचे आपापले आहेत, तुमच्या डिक्लरेशनमध्येच असेल. जे टिक केल्याशिवाय पुढे जाता आले नाही तेच. वाचून बघा एकदा, बहुतेक जण वाचत नाहीत.

आणि प्रिंट! आमच्या वयाच्या लोकांना स्क्रीनवर वाचवत नाही, मग नवी पेठेत झेरॉक्सवाल्याच्या व्हॉट्सॲपवर पीडीएफ टाकायची आणि 'पाठपोट काढ रे' म्हणायचे. त्याच्या कॉम्प्युटरच्या डाउनलोड फोल्डरात मग दुसऱ्याची तीन वर्षांची मेहनत, बजेटसकट, पुढच्या गिऱ्हाइकाच्या आधार कार्डाशेजारी पडून राहते. घरचा किंवा कॉलेजचा प्रिंटर असेल तरच काढा, काम झाल्यावर फाडून टाका. पीएचडीच्या विद्यार्थ्याला 'जरा वाचून सांग काय वाटते' हेही बंद.

---

चाटी_गल्लीचा_पोरगा

काय ओ सर, कागद कागद करालेत. मी अर्ज करणाऱ्यांतला, आणि मॅडमचे ते 'सगळ्यांना सात द्या' वाले सर बरोबर बोलले असं माझं मत. ठरलेलं असतंय सगळं. मला एका संस्थेकडून रिजेक्शन आलं त्यात दोन रिव्ह्यूअरचे शेरे होते. एकाने लिहिलेलं 'मेथडॉलॉजी स्पष्ट नाही, पायलट डेटा नाही', स्कोअर किती, तर ८. दुसऱ्याचा शेरा 'एक्सलंट अँड टाइमली प्रपोजल', स्कोअर ३. दहापैकी! आता सांगा, हे वाचून मी काय सुधारायचं? यंत्रमागाच्या कापसाच्या धुळीवर काम होतं, कामगारांच्या घरी फिरून-फिरून माहिती जमवलेली, आणि ज्याला आवडलं त्याने तीन मार्क दिले. लई डोकं फिरलं.

---

अमेरिकेतला_सोलापूरकर

भावा, तुझ्या त्या दुसऱ्या रिव्ह्यूअरने बहुतेक स्केल उलटं धरलं. असं होतं, आणि ज्यांनी बाहेर रिव्ह्यू केलेत त्यांच्याकडून जास्त होतं. मी इथे बायोमेडिकलमध्ये आहे, एनआयएच म्हणजे आरोग्य संशोधनाला पैसे देणारी इथली सरकारी संस्था, तिच्या स्टडी सेक्शनवर (अर्ज तपासणाऱ्या पॅनेलवर) बसलोय. तिथे १ ते ९ स्केल आहे आणि १ सगळ्यात चांगला, ९ सगळ्यात वाईट. २००९ पासून हे नऊवालं स्केल आहे. इकडून थेट भारतातल्या रिव्ह्यूकडे गेलेला माणूस 'एक्सलंट' म्हणून सवयीने २ किंवा ३ टाकतो. ब्रिटनमध्ये यूकेआरआयला (तिथली सरकारी संशोधन-निधी संस्था) जा, तिथे ६ सगळ्यात वरचा. युरोपियन युनियनच्या होरायझन या संशोधन-निधी योजनेत प्रत्येक मुद्द्याला ० ते ५, अर्धा मार्कही देता येतो, आणि साधारणपणे प्रत्येकात किमान ३ आणि एकूण १५ पैकी १० पडले तरच पुढे. एनएसएफमध्ये तर आकडाच नाही, एक्सलंट, व्हेरी गुड, गुड, फेअर, पुअर असे शब्द. म्हणून मॅडम, पहिलं काम, तुमच्या पोर्टलवर १० म्हणजे चांगला की वाईट ते खात्रीने बघा. हसू नका, खरंच बघा.

एनआयएचची सिस्टीम थोडी सांगतो कारण तुमच्या बऱ्याच प्रश्नांची उत्तरं तिच्या रचनेतच आहेत. ई-आरए कॉमन्स नावाचं पोर्टल आहे, त्यात रिव्ह्यूअरसाठी आयएआर म्हणून भाग आहे. आधी कॉन्फ्लिक्टचं सर्टिफिकेट भरायचं. ज्या अर्जाशी तुमचा हितसंबंध आहे तो तुम्हाला बंद, त्यावर बाकीच्यांनी काय लिहिलं तेही दिसत नाही, मीटिंगमध्ये त्याची चर्चा आली की तुम्ही खोलीबाहेर. मग तीन टप्पे. पहिला सबमिट, त्यात तुम्ही तुमचा रिव्ह्यू अपलोड करता आणि प्राथमिक स्कोअर टाकता, मुदतीपर्यंत हवा तेवढ्या वेळा बदला. दुसरा रीड, त्यात बाकीच्यांचे रिव्ह्यू दिसतात, पण ज्याने स्वतःचा टाकला नाही त्याला त्या अर्जावरचे दुसऱ्यांचे बघता येत नाहीत. का, तर बघून लिहू नये म्हणून. तिसरा एडिट, मीटिंगनंतर मत बदललं असेल तर तुमचा मजकूर सुधारायचा.

एका अर्जाला साधारण तीन जण नेमलेले असतात. प्राथमिक स्कोअरवरून साधारण खालचे अर्धे अर्ज चर्चेलाच येत नाहीत. म्हणजे घरी बसून रात्री टाकलेला तो आकडा 'नुसता प्राथमिक' नसतो, त्याच्यावर एखाद्याचं वर्ष जातं. जे चर्चेला येतात त्यांना मग पॅनेलवरचे सगळे स्कोअर देतात, फक्त ते तिघे नाही, आणि सरासरीला दहाने गुणून १० ते ९० मधला आकडा निघतो. तुम्ही लिहिलेला मजकूर जवळजवळ जसाच्या तसा अर्जदाराला जातो, तुमचं नाव त्यावर नसतं.

जानेवारी २०२५ पासून त्यांनी बऱ्याच प्रकारच्या अर्जांसाठी जुने पाच निकष तीन गटांत आणले. कामाचं महत्त्व एक, पद्धत आणि ते जमेल का हा दुसरा, या दोघांना आकडा. तिसरा म्हणजे माणूस आणि संस्था, त्याला आकडाच नाही, पुरेसं आहे की नाही एवढंच, आणि नसेल तर का ते लिहायचं. मोठ्या संस्थेचं नाव बघून सगळ्याच खान्यात मार्क वाढतात, ते थांबवायला. सोलापूरसारख्या ठिकाणाहून अर्ज करणाऱ्याला याचा अर्थ लगेच कळेल.

---

चाटी_गल्लीचा_पोरगा

म्हणजे त्या बाबाने मला चांगला म्हणून ३ दिले?? अरे देवा. आणि कमिटीला कळलं नाही?

---

अमेरिकेतला_सोलापूरकर

शेरा आणि आकडा शेजारी ठेवून कुणी वाचलं असतं तर कळलं असतं. सॉफ्टवेअरने नुसती सरासरी काढून यादी लावली असेल तर नाही कळत.

---

निवृत्त_प्राचार्य_बाळीवेस

त्या ८ वाल्याचेही तेच म्हणायचे. पद्धत स्पष्ट नाही आणि तरी आठ, हा आकडा कुठून आला? एकतर शेरा खोटा नाहीतर आकडा.

---

बोरामणीची_गणितवाली

'सगळ्यांना सात' बद्दल मला बोलायचंय कारण हे ऐकून माझं रक्त उसळतं. समजा तीन प्रपोजल आहेत आणि दोनच रिव्ह्यूअर. तुम्ही तिघांना ७, ७, ७ दिले. दुसऱ्याने ९, ६, ४ दिले. सरासरी ८, साडेसहा, साडेपाच. क्रम कुणाचा लागला? पूर्ण त्या दुसऱ्याचा. तुम्ही रिव्ह्यू केला नसता तरी हाच क्रम लागला असता. म्हणजे न दुखावता सगळ्यांचं भलं केलं असं ज्याला वाटतं त्याने प्रत्यक्षात सगळा निर्णय दुसऱ्याच्या हातात दिलाय, आणि तो दुसरा कसा आहे ते तुम्हाला माहीत नाही.

त्याहून वाईट म्हणजे जिथे वेगवेगळे अर्ज वेगवेगळ्या रिव्ह्यूअरकडे जातात (बहुतेक तसंच असतं). तिथे सरसकट आठ देणाऱ्याकडे ज्याचा अर्ज गेला तो तरला आणि कडक पाच देणाऱ्याकडे गेला तो बुडाला, कामाचा काही संबंधच नाही. त्यामुळे मॅडम, आकडे पसरून द्या. तुमच्यातला सगळ्यात चांगला आणि सगळ्यात कच्चा आधी ठरवा, त्यांच्यात चांगलं अंतर ठेवा, बाकीचे मध्ये बसवा. आणि सगळं वाचून व्हायच्या आधी पहिल्याला आकडा देऊ नका, पहिला नेहमी एकतर फार चढतो नाहीतर फार पडतो, बोर्डाचे पेपर तपासलेत त्यांना माहितेय. पाचही खान्यांत एकच आकडा पडला असेल तर थांबून परत बघा. नावीन्य आहे पण बजेट हवेत आहे असं असू शकतं की नाही? मग खान्यांत ते दिसायला नको?

---

जुळेसोलापूर_मायक्रो

बापरे, एवढं सगळं. धन्यवाद मंडळी. पोर्टलवर १० म्हणजे उत्तम हे बघितलं, पण कुठे दिसलं माहितेय? त्या आकड्याशेजारी छोटंसं आय होतं त्यावर माउस नेल्यावर, फोनवरून तर दिसतच नाही. गुरुबंधूच्या अर्जाबद्दल मेल टाकलीय.

आता खरी अडचण कॉमेंटची. 'पद्धत स्पष्ट नाही' हे मीपण लिहिलं असतं खरं तर. चांगला शेरा म्हणजे नेमका कसा? आणि ती 'फक्त कमिटीसाठी' चौकट, त्यात काय लिहायचं?

---

डाळिंबवाला_डॉक्टर

रोग-किडीत काम करतो, अर्ज बरेच तपासलेत. उदाहरण देतो, मनाने रचलेलं, कुणाचं नाही. आपल्याकडचंच घेऊ, डाळिंबावरचा तेल्या, म्हणजे तो डाग पाडणारा जिवाणूजन्य रोग. समजा कुणी अर्ज केला की एक नवीन जिवाणू मिश्रण फवारून तेल्या आटोक्यात आणतो, तीन बागा, एक हंगाम, तोही हस्त बहार (पावसाळा सरताना धरलेला; पावसाळ्याच्या सुरुवातीला धरलेला तो मृग बहार).

वाईट शेरा: 'फील्ड ट्रायलची पद्धत स्पष्ट नाही. सुधारणा आवश्यक.' स्कोअर ६.

चांगला शेरा असा: 'विषय गरजेचा आहे, सोलापूर-सांगोला भागात तेल्यामुळे बागा काढून टाकाव्या लागल्यात. पण तेल्या पावसाच्या शिंतोड्यांनी पसरतो आणि त्याचा जोर मृग बहारात जास्त असतो. ट्रायल फक्त हस्त बहारात धरलीय, त्या हवेत रोग मुळातच कमी राहिला तर मिश्रणाचा परिणाम की हवेचा, हे वेगळं काढता येणार नाही. प्रत्येक बागेत न फवारलेली झाडं आणि नेहमीच्या ताम्रयुक्त औषधाची झाडं अशी दोन्ही तुलना हवी, अर्जात दोन्ही नाहीत. एक मृग बहार धरला आणि तुलनेच्या ओळी ठेवल्या तर हा अर्ज मजबूत होईल.' स्कोअर पद्धतीला ४, महत्त्वाला ९.

फरक बघा. दुसरा वाचून अर्जदाराला पुढच्या वेळी काय करायचं ते कळतं, कमिटीला ४ कुठून आले ते कळतं, आणि महत्त्वाचे ९ का दिले तेही. माझी पद्धत अशी की आधी शेरा पूर्ण लिहायचा, आकडा शेवटी. आकडा आधी टाकला की मन त्याच्या बाजूने वकिली करायला लागतं.

बजेट वाचाच. बरेच जण सोडून देतात. तीन बागांच्या ट्रायलला दोन जेआरएफ (पगारी संशोधक विद्यार्थी) आणि एक महागडं यंत्र मागितलं असेल आणि तेच यंत्र त्या संस्थेत आधीच असेल, तर ते लिहायचं. उलटंही असतं, गरीब कॉलेजातला माणूस लाजून प्रवासखर्चच मागत नाही, मग बागेत जाणार कसा? तेही लिहा.

आणि केगावला आपल्याकडे राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे २००५ पासून. अर्जदाराने तिथल्या कामाचा उल्लेख केलाय का, असली स्थानिक गोष्ट दिल्लीतल्या रिव्ह्यूअरच्या लक्षात येणार नाही. तुम्हाला नेमलंय ते यासाठीच.

---

निवृत्त_प्राचार्य_बाळीवेस

वा डॉक्टर. कमिटीच्या चौकटीबद्दल माझे सांगतो. तिथे फक्त तेवढेच लिहावे जे अर्जदाराला सांगणे योग्य नाही पण कमिटीला माहीत हवे. उदा. 'मजकुराचा बराच भाग प्रकाशित लेखाशी जुळतो, कृपया तपासावे', किंवा 'यातल्या आकडेशास्त्राचा भाग माझ्या विषयाबाहेरचा आहे, त्या जाणकाराला दाखवावा'. हे दुसरे लिहायला कमीपणा वाटून घेऊ नये. पण वर 'उत्तम प्रयत्न' आणि खाली 'अर्जदार सुमार आहे' असे दोन तोंडांनी बोलायचे नाही. ती चौकट गुप्त आहे यावर फार विसंबू नका. माहितीच्या अधिकारात सुप्रीम कोर्टाने २०११ साली विद्यार्थ्यांना स्वतःच्या तपासलेल्या उत्तरपत्रिका बघायला मिळाव्यात असा निकाल दिला, परीक्षकाचे नाव मात्र झाकून. ते परीक्षेचे होते, पण वारा कुठे वाहतो ते बघा. माझा नियम, उद्या कोर्टात मोठ्याने वाचले गेले तरी मान खाली जाणार नाही असेच लिहायचे.

---

सातरस्ता_स्टार्टअप

सगळे ज्ञान देऊन झाले असतील तर मी बोलू का. एआय वापरायला काय हरकत आहे खरंच? भाषा सुधारून घ्यायला तरी? आपल्यातल्या अर्ध्या लोकांचं इंग्रजी बघता अर्जदारावर उपकारच होतील 😄

---

अमेरिकेतला_सोलापूरकर

एनआयएचने जून २०२३ मध्ये सरळ बंदी घातली, रिव्ह्यूअरने अर्जाचं विश्लेषण करायला किंवा रिव्ह्यू लिहायला असली साधनं वापरायची नाहीत. एनएसएफनेही त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सांगितलं की अर्जाचा मजकूर मान्यता नसलेल्या एआय साधनात टाकायचा नाही. कारण सोपं, तू पीडीएफ तिथे टाकलीस म्हणजे गुप्त कागद तिसऱ्याच्या सर्व्हरवर गेला, तो कुठे साठतो कुणाला माहीत.

---

सातरस्ता_स्टार्टअप

अर्ज नाही टाकायचा, स्वतःचा शेरा टाकायचा, व्याकरणापुरता.

---

डाळिंबवाला_डॉक्टर

शेऱ्यात अर्जातलीच गोष्ट असते की. वरचा माझा तेल्याचा शेरा वाचून तुला अख्खं प्रपोजल कळलं ना? तुमच्या एजन्सीचा नियम काय ते विचारा आणि लेखी उत्तर नसेल तर टाळा. इंग्रजी मोडकं चालतं. 'कंट्रोल प्लॉट नॉट देअर' एवढं लिहिलं तरी माझं काम होतं, उलट ते गुळगुळीत पानभर इंग्रजी आलं की त्यात मुद्दा शोधावा लागतो.

---

पोर्टलवाला_अण्णा

वर्डचा स्पेलचेक आहे की. ऑफलाइन चालतो. ब्राउझरला ते व्याकरण तपासणारं एक्स्टेंशन लावलेलं असेल तर मात्र पोर्टल उघडताना बंद करा, काही एक्स्टेंशनं चौकटीत टाईप केलेलं त्यांच्या सर्व्हरवर पाठवतात. हे कुणाच्या डोक्यात येत नाही.

---

जुळेसोलापूर_मायक्रो

झालं एकदाचं सबमिट! ऑफिसरचं उत्तर आलं, तो अर्ज तुम्ही घेऊ नका, दुसऱ्याकडे देतो, म्हणून डिक्लाइन केला. बाकीचे शेरे आधी, आकडे शेवटी, या पद्धतीने केले आणि गंमत म्हणजे ज्याला मी मनात वरचा नंबर दिला होता तो शेरा लिहिता-लिहिता खाली आला, कारण लिहिताना कळलं की सँपल किती घेणार हेच त्याने कुठे लिहिलेलं नाही, भाषा मात्र झकास. आणि एक साधासुधा अर्ज, तालुक्याच्या कॉलेजातला, वर गेला. पसरून दिलेत आकडे, गणितवाल्या ताईंचं ऐकून, ३ पासून ९ पर्यंत. ३ देताना हात अडखळला पण शेरा वाचला तर ३ च होत होते.

अण्णा, तुमचं नोटपॅड कामी आलं. मध्ये ओटीपी येईना, नंबर जुना लागलेला होता, हेल्पलाइनवाल्यांनी बदलून दिला.

आता शेवटचा प्रश्न. मानधनाचा फॉर्म आलाय, पॅन, रद्द केलेला चेक, आणि 'प्री-रिसीट, रेव्हेन्यू स्टँप लावून सही करून स्कॅन करून अपलोड करा' (म्हणजे पैसे मिळायच्या आधीच द्यायची पावती). सगळं ऑनलाइन आणि स्टँप मात्र कागदावर 😅 तो स्टँप लागतोच का, आणि मिळतो कुठे आता?

---

निवृत्त_प्राचार्य_बाळीवेस

पाच हजारांच्या वर रक्कम असेल तर पावतीला एक रुपयाचा लागतो. मागितलाय तर लावून टाका, वाद घालत बसू नका, बिल अडकते. सही स्टँपवर अर्धी, कागदावर अर्धी.

---

चाटी_गल्लीचा_पोरगा

हेड पोस्टात मिळतो की मॅडम. सुट्टा एक देतील की नाही माहीत नाही, दहा-वीस घेऊन ठेवा, पुढच्या वेळी पण बोलावतीलच तुम्हाला. आणि माझा अर्ज आला तर डिक्लाइन करू नका ओ, आपली काही ओळख नाही 😂

---

ॲडमिन

आता झालीय ओळख. 😄